तापाचे पहिले चार दिवस



मोरगावच्या या व्याख्यानमालेत आजवर इतिहास झाला, शेती झाली, संतसाहित्य झालं. यंदा तुम्ही एका डॉक्टरला बोलावलंत आणि विषयही माझ्यावरच सोपवलात. मी फ्लू निवडला. सर्दी-पडशाच्या आजारावर हा माणूस तासभर काय बोलणार, असं कुणाच्या मनात आलं असेल, तर त्यांना आधी एक आकडा सांगतो. ७७८.

२०१७ साली आपल्या महाराष्ट्रात एच१एन१ फ्लूने, ज्याला आपण अजून स्वाईन फ्लूच म्हणतो, त्याने ७७८ माणसं गेली. नोंदलेले रुग्ण होते ६,१४४. हे सरकारी दप्तरातले आकडे. तपासणी न होताच जे गेले, ज्यांच्या दाखल्यावर न्यूमोनिया किंवा हृदयविकार एवढंच लिहिलं गेलं, ते यात नाहीत. आता चार वर्षं पुढे या. २०२१ साली साऱ्या देशात या आजाराचे नोंदलेले रुग्ण होते ७७८, आणि मृत्यू १२. एका वर्षी एका राज्यात जेवढी माणसं दगावली, तेवढे रुग्णसुद्धा चार वर्षांनी अख्ख्या देशात मिळून जेमतेम सापडले. आकडे सारखे निघाले हा योगायोग. पण आजार एवढा खाली गेला, हा योगायोग नव्हता.

मधली वर्षंही बघा. २०१९ मध्ये देशात २८,७९८ रुग्ण आणि १,२१८ मृत्यू. २०२० मध्ये रुग्ण २,७५२ आणि मृत्यू ४४, तेही बरेचसे टाळेबंदीच्या आधीचे. आणि २०२२ मध्ये, मास्क उतरल्यावर, पुन्हा १३,२०२ रुग्ण आणि ४१० मृत्यू. कोरोनाने आपल्या घराघरांत जे केलं त्याच्या दुःखात ही गोष्ट कुणाच्या ध्यानातच आली नाही. ज्या दोन पावसाळ्यांत आपण एका विषाणूशी लढत होतो, त्याच दोन पावसाळ्यांत दुसरा एक विषाणू, ज्याच्याकडे कुणी बघतही नव्हतं, जवळजवळ दिसेनासा झाला. हे कसं झालं आणि त्यातलं आपल्या हाती आज काय उरतं, एवढंच मला बोलायचं आहे.

तुमच्यातला जाणता माणूस इथे मला थांबवेल. म्हणेल, डॉक्टर, त्या वर्षी सगळ्या प्रयोगशाळा कोरोनाच्या नमुन्यांत बुडाल्या होत्या, फ्लू तपासला कुणी? मग आकडा खाली येणारच. शंका रास्त आहे, आणि आपल्या देशाच्या आकड्यांपुरती ती बरीचशी खरीही आहे. म्हणून नुसते रुग्ण मोजून भागत नाही. तपासलेल्या शंभर नमुन्यांत फ्लू किती जणांत निघाला, हे पाहावं लागतं. ऑस्ट्रेलिया, चिली आणि दक्षिण आफ्रिका या तीन देशांत एप्रिल ते जुलै हा थंडीकडचा काळ, म्हणजे त्यांच्या फ्लूचा हंगाम. २०२० च्या त्या चार महिन्यांत तिथे ८३,३०७ नमुने फ्लूसाठी तपासले गेले. फ्लू निघाला ५१ जणांत. आधीच्या तीन वर्षांत त्याच हंगामात शंभरातल्या तेरा-चौदा नमुन्यांत तो निघत असे. पुढे अमेरिकेच्या हिवाळ्यात आठ लाखांवर नमुने तपासले, त्यांत १,६७५ निघाले. हजारी दोन. तपासणी कमी झाली म्हणून आजार दिसला नाही, असं या आकड्यांपुढे म्हणता येत नाही.

याहून थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. फ्लूच्या बी प्रकारात दोन घराणी होती, व्हिक्टोरिया आणि यामागाता. चार घटकांची जी लस गेली काही वर्षं आपण देत होतो, त्यातला एक घटक या यामागातासाठी होता. मार्च २०२० नंतर जगात कुठेही यामागाता खात्रीने सापडलेला नाही. २०२३ च्या सप्टेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की हा घटक लसीत ठेवण्याची आता गरज नाही. हे घराणं मिटवायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. लोक तोंडाला कापड बांधून घरात बसले होते, ते दुसऱ्याच कारणासाठी.

मग जी खबरदारी फ्लूला पुरून उरली, ती कोरोनाला का पुरली नाही? २०२० च्या एप्रिलात बारामतीत भिलवाडा पॅटर्न राबवला गेला, गल्ल्या बंद झाल्या, किराणा घरपोच झाला. तरी कोरोना येतच राहिला. याचं उत्तर साध्या गणितात आहे, आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

साथीच्या आजारात एक रुग्ण सरासरी किती नव्या जणांना आजार देतो, यावर सगळं ठरतं. हाँगकाँगच्या संशोधकांनी २०२० च्या जानेवारी-फेब्रुवारीत फ्लूसाठी हे मोजलं. खबरदारी सुरू होण्याआधी हा आकडा १.२८ होता. शाळा बंद झाल्या, लोकांनी मास्क लावले, गर्दी टाळली, तेव्हा तो ०.७२ वर आला. म्हणजे ४४ टक्क्यांनी उतरला. ऐकायला किरकोळ वाटतं. पण फ्लूची एक पिढी साधारण तीन दिवसांत पुरी होते, म्हणजे महिन्यात दहा पिढ्या. १.२८ च्या चालीने आजचे १०० रुग्ण महिन्याभरात दर फेरीला जवळपास १,१८० होतात. ०.७२ च्या चालीने त्याच शंभराचे चारसुद्धा उरत नाहीत. एकाच्या वर आणि एकाच्या खाली, एवढाच फरक. आता हीच ४४ टक्क्यांची घट कोरोनाच्या सुरुवातीच्या विषाणूला लावा. त्याचा आकडा अडीचच्या घरात होता. अडीचमधून ४४ टक्के गेले तरी १.४ उरतात, म्हणजे साथ वाढतच राहणार. शिवाय कोरोना कुणाच्याच अंगाला ओळखीचा नव्हता, आणि फ्लूची थोडीफार ओळख मोठ्या माणसांच्या रक्तात आधीपासून असते.

पाचट पेटवताना तुम्ही शेजारच्या उभ्या उसाच्या बाजूने मोकळा पट्टा सोडता. आग बेताची असेल तर हातभर पट्ट्याने अडते, वारं सुटलेलं असेल तर दहा हातांचाही पुरत नाही. कोरोना वाऱ्यावरची आग होती. फ्लू बेताची आग आहे. तेवढ्याशा पट्ट्याने अडणारी आग दरवर्षी फडात शिरू देणं मला पटत नाही, म्हणून मी आज इथे उभा आहे.

आता प्रश्न येतो, पट्टा कशाचा? मास्कचा, हात धुण्याचा, शाळाबंदीचा, की विमानबंदीचा? खरं सांगायचं तर सगळे उपाय एकाच वेळी झाले, त्यामुळे प्रत्येकाचा वाटा वेगळा काढून देणं अवघड आहे. पण एक खूण सापडते. साध्या सर्दीचा जो विषाणू आहे, ऱ्हायनोव्हायरस, तो त्या काळातही जगभर टिकून राहिला. फ्लू आणि आरएसव्ही हा श्वसनाचा दुसरा विषाणू गायब असताना लेकरांची नाकं या विषाणूने वाहतच होती. फ्लू आणि कोरोना यांच्या अंगावर चरबीचं पातळ कवच असतं, ते साबणाने आणि सॅनिटायझरने फुटतं. ऱ्हायनोव्हायरसला ते कवचच नाही, म्हणून सॅनिटायझर त्याला फारसं लागत नाही, आणि हातांवरून, दाराच्या कडीवरून तो आरामात फिरतो. फ्लू मुख्यतः श्वासातून, खोकल्यातून, बंद जागेतल्या हवेतून जातो. म्हणजे फ्लूला अडवलं ते हवेच्या वाटेवर. दोन वर्षं आपण ताटवाट्या, भाजी, दुधाच्या पिशव्या धूत बसलो. ते चुकीचं नव्हतं, हातांच्या स्वच्छतेने जुलाबासारखे आजार नक्की कमी होतात. पण फ्लूच्या बाबतीत खिडकी उघडणं हे भाजी धुण्यापेक्षा कितीतरी मोठं काम आहे.

मास्कबद्दल लोक मला नेहमी विचारतात. चाचण्या करून पाहिल्या तर निकाल एका सुरात येत नाहीत, कारण मास्क वाटलेली माणसं तो दिवसभर लावतातच असं नाही. पण आजारी माणसाच्या श्वासात किती विषाणू बाहेर पडतात, हे यंत्राने मोजलं तेव्हा साधा सर्जिकल मास्क ते कमी करतो असं दिसलं. माझं मत यावरून असं बनलं आहे: धडधाकट माणसाने रानात, मोटारसायकलवर मास्क लावून फिरण्यात फारसं काही नाही. खोकणाऱ्याने दवाखान्यात, एसटीत, वर्गात तो लावावा. तेवढ्याने बरंच साधतं.

आणि मुलं. फ्लूचा प्रसार करण्यात शाळकरी मुलांचा वाटा मोठा असतो. त्यांच्या अंगात विषाणू जास्त दिवस राहतो, आणि ती एकमेकांच्या अंगावर पडून खेळतात, तसंच त्यांनी खेळावं. आपल्याकडे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. खेड्यांत पाचवीपासूनचे वर्ग सरसकट उघडले ४ ऑक्टोबर २०२१ ला, आणि पहिली ते चौथीचे १ डिसेंबरला. दीड वर्षाहून जास्त काळ. फ्लू अडला त्यात या बंदीचा भाग होताच. पण मी डॉक्टर म्हणून इथे स्पष्ट सांगतो, फ्लूसाठी कुणी पुन्हा असं सुचवलं तर मी विरोध करेन. चौथीतली जी पोरं वाचायची विसरली, ज्या मुलींची लग्नं त्या काळात उरकली गेली, ती किंमत मी पाहिली आहे. फ्लूसाठी ती मोजण्याची गरजच नाही, हेच तर तो १.२८ चा आकडा सांगतो.

आता थोडं मागे जाऊ, कारण आपल्या पुणे जिल्ह्याने साथी फार पाहिल्या आहेत.

१८९७ च्या प्लेगात पुण्यात घरझडत्या झाल्या, माणसं सक्तीने छावण्यांत नेली गेली, त्यातून संताप झाला आणि २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. त्याच साथीत प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्या वर्षीच केलेला साथरोग कायदा २०२० च्या मार्चमध्ये सरकारने पुन्हा बाहेर काढला. खबरदारी सक्तीने लादली तर काय होतं आणि मायेने केली तर काय होतं, या दोन्ही गोष्टी एका वर्षात पुण्याने पाहिल्या.

१९१८ चा फ्लू मात्र आपल्या आठवणीतून पुसला गेला आहे. जुने लोक त्याला मानमोडी म्हणत. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई आजारी पडले, तिथून तो शहरात शिरला. पावसाने त्या वर्षी दगा दिला होता, धान्य महाग होतं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी लाट आली. एकट्या ६ ऑक्टोबरला मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं गेली, देशात सव्वा ते दोन कोटी असे अंदाज आहेत. भारताच्या जनगणनेत लोकसंख्या घटलेली दिसते ती एकदाच, १९२१ साली.

त्या साथीतला एक तक्ता मी विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवतो. मुंबई शहरात हजारी मृत्यू किती झाले? युरोपियनांत ८.३. पारश्यांत ९. इतर जातींच्या हिंदूंत १८.९, मुसलमानांत १९.२. आणि दप्तरात ज्यांना खालच्या जातीचे म्हटलं होतं त्यांच्यात ६१.६. विषाणू तोच, हवा तीच, शहर तेच. फरक होता खोलीचा, अन्नाचा, आणि आजारी पडल्यावर कामावर न जाता अंथरुणात राहता येतं का, याचा. औषध तेव्हा कुणालाच नव्हतं, गव्हर्नरालाही नव्हतं. म्हणजे हा सात पटींचा फरक औषधाने पडलेला नाही.

२००९ आपल्यातल्या बहुतेकांना आठवतं. ३ ऑगस्टला पुण्यात एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला, देशातला स्वाईन फ्लूचा तो पहिला. नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या. शाळा, चित्रपटगृहं, मॉल काही दिवस बंद झाले. मास्क मिळेनात म्हणून लोक रुमाल बांधत, कापूर-वेलचीच्या पुड्या हुंगत. त्या वेळी फ्लू थांबला नाही, कारण विषाणू नवा होता, बंदी थोड्या दिवसांची होती, आणि खबरदारी पुण्यात होत असताना बाकी मुलूख मोकळा होता. पण त्या साथीने पुण्याला बरंच दिलंही. डॉ. आंबेडकर रस्त्यावरची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, एनआयव्ही, घराघरांत माहीत झाली. पुण्यातच सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची लस २०१० मध्ये काढली. आणि तो २००९ चा विषाणू मुक्कामाला राहिला, दरवर्षीचा झाला. २०१५ ला त्याने देशात २,९९० जीव घेतले, २०१७ चं तर सुरुवातीला सांगितलंच.

एनआयव्हीच्या मंडळींनी आणखी एक काम केलं, ते मोरगावच्या दृष्टीने मला सगळ्यात मोलाचं वाटतं. देशात कुठे कोणत्या महिन्यांत फ्लू वाढतो, याचा त्यांनी माग काढला. श्रीनगरला तो थंडीत येतो, युरोपसारखा. आपल्याकडे त्याचा मुख्य हंगाम पावसाळा, जुलै ते सप्टेंबर. त्यानंतर जानेवारी ते मार्चमध्ये एक दुसरी, बहुतेक वर्षी लहान, लाट येते. २०१५ ची मोठी साथ याच दुसऱ्या काळात आली होती. आपला हा पट्टा जिरायती, कऱ्हा नदीला पाणी कधी येतं, कधी येत नाही. पण पाऊस कमी म्हणून फ्लू कमी असं नाही. जूनच्या मध्याला शाळा उघडतात, झड लागली की माणसं घरात येतात, सपाऱ्यांची दारं लागतात, आणि वर्गात पाण्याचे शिंतोडे येतात म्हणून खिडक्या बंद होतात. विषाणूला तेवढंच हवं असतं.

आता मोरगावचं पंचांग काढा. आपल्या मयूरेश्वराच्या दोन मोठ्या यात्रा कोणत्या? भाद्रपदाची आणि माघाची. चिंचवडहून मंगलमूर्तींची पालखी येते ती याच दोन वेळा. भाद्रपद म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर, माघ म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी. गावाच्या दोन यात्रा नेमक्या फ्लूच्या दोन हंगामांत येतात. तिकडे बारामती-इंदापूरवरून तुकोबांची पालखी जाते, सणसर, बेलवाडीचं रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी, ती आषाढात, म्हणजे हंगामाच्या तोंडावर. २०२० साली ३० जूनला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, रस्त्यावर टाळ वाजला नाही. इथलं मंदिर मार्चपासून दिवाळी पाडव्यापर्यंत बंद होतं, १६ नोव्हेंबरला उघडलं. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झालं ते २०२१ च्या घटस्थापनेला, ७ ऑक्टोबरला उघडलं. भाद्रपदाच्या दोन यात्रा भक्तांविना गेल्या. गावातल्या हार-फुलांच्या, पेढ्यांच्या, नारळाच्या दुकानांनी ती दोन वर्षं कशी काढली, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तसं पुन्हा करा, असं मी म्हणत नाही. यात्रा भरल्याच पाहिजेत. मला फक्त एवढं दाखवायचं आहे की यात्रेतली सगळी गर्दी सारखी नसते. उघड्या पटांगणात, नंदीपाशी, नदीकाठी हजार माणसं असली तरी हवा वाहती असते, तिथे धोका कमी. गाभाऱ्याची गोष्ट वेगळी. यात्रेत मुक्तद्वार असतं, भक्ताला थेट मूर्तीपर्यंत जाता येतं. दगडी भिंती, आत शिरायला एक दार, समयांची ऊब, ओल्या कपड्यातली माणसं खांद्याला खांदा लावून उभी, आणि प्रत्येक जण मोठ्याने मोरया म्हणतो आहे. मोठ्या आवाजात बोलताना श्वासातून कण जास्त बाहेर पडतात. एक खोकणारा माणूस तिथे पाच मिनिटं थांबून गेला तरी त्याच्या मागून येणारे कितीतरी जण ती हवा घेतात. हे कुणाच्या श्रद्धेबद्दल नाही, हवेबद्दल आहे. म्हणून माझी विनंती अशी: ज्याच्या अंगात ताप आहे, त्याने त्या दिवशी कळसाचं दर्शन घ्यावं. वारकऱ्यांत कळसदर्शनाला कुणी कमी लेखत नाही. ध्वनिक्षेपकावरून दिवसभर ज्या सूचना देतात, त्यांत ही एक घाला. रांगेच्या शेवटच्या बंदिस्त भागात हवा खेळती राहील असे पंखे लावता येतील का, हे जाणकारांकडून पाहून घ्या.

शाळेसाठी याहून सोपं आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र मिळतं. मोकळ्या हवेत ते ४२० च्या आसपास आकडा दाखवतं. भरलेल्या, बंद वर्गात तो हजाराच्या वर गेला की समजायचं, मुलं एकमेकांचा सोडलेला श्वास घेत आहेत. विज्ञानाच्या तासाला मुलांनाच ते वाचायला द्या. खिडकीवर बाहेरून पत्र्याची झड लावली तर पावसातही खिडकी उघडी राहते. आणि हजेरीसाठी तापातल्या पोराला शाळेत पाठवू नका. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस देण्याची चाल काही शाळांत आहे, ती जुलै-ऑगस्टपुरती तरी बाजूला ठेवा, असं मी शिक्षकांना हात जोडून सांगतो.

लसीबद्दल दोन शब्द. फ्लूची लस वर्षातून दोनदा बदलते, एकदा उत्तर गोलार्धासाठी, एकदा दक्षिण गोलार्धासाठी. आपला हंगाम पावसाळ्यात, म्हणून आपल्याला एप्रिल-मेमध्ये लस घेतलेली बरी, आणि तेव्हा नवी असते ती दक्षिण गोलार्धाची. ऑक्टोबरात घेतली तर मुख्य हंगाम सरलेला असतो. चांगलं जुळलेलं वर्ष असेल तर ती ४० ते ६० टक्के संरक्षण देते. पूर्ण देत नाही. पण गरोदर बाई, साठीच्या पुढचा माणूस, मधुमेही, दमेकरी यांच्यासाठी तेवढं फार आहे. आपल्या राज्याने २०१५ पासून गरोदर स्त्रिया आणि इतर जोखमीच्या लोकांना ही लस मोफत देण्याचं धोरण ठेवलं आहे. आशाताईंना विचारा, आरोग्य केंद्रात विचारा, आणि उन्हाळ्यातच विचारा. फ्लूवरची ऑसेलटॅमिव्हिरची गोळीही सरकारी दवाखान्यात मिळते, पण ती पहिल्या दोन दिवसांत सुरू झाली तरच तिचा खरा गुण येतो. दम लागला, ओठ निळे पडले, लेकरू दूध पीनासं झालं, तर घरी थांबू नका.

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा. फ्लूचा माणूस दुसऱ्याला आजार देतो तो मुख्यतः ताप आल्यापासूनच्या पहिल्या तीन-चार दिवसांत. ताप यायच्या आदल्या दिवशीही थोडा देतो, तो आपल्या हातात नाही. पण हे चार दिवस आजारी माणूस घरात राहिला, तर १.२८ चा आकडा एकाच्या खाली आणायला त्याची फार मोठी मदत होते. नोकरदाराला रजा आहे. बागायतदाराला एक दिवस मोटर चालू करायला भाऊ आहे. ज्याला हे चार दिवस मिळत नाहीत, तो कोण?

सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, या कारखान्यांच्या हंगामात बीडकडून, नगरकडून कोयते येतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको जोडी. मुकादमाची उचल आधीच अंगावर असते. पहाटे अंधारात फडात जायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडी भरायची. एकाने दांडी मारली तर जोडीचा खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे हिशेबातून कापले जातात. राहायच्या कोप्या एकमेकींना चिकटून, वाकून आत शिरावं लागतं, वर पाचट नाही तर प्लॅस्टिक. आत चार-पाच माणसं, आणि चूलही बहुतेक दाराशीच. जानेवारीच्या थंडीत अशा कोपीत एकाला फ्लू झाला तर दार लावलेल्या त्या जागेत बाकीच्यांना होणारच. मी अंगात १०२ ताप असलेल्या बायका तपासल्या आहेत, ज्या इंजेक्शन घेऊन, मोळी उचलायला सरळ फडावर परत गेल्या. त्यांना विश्रांती घ्या असं सांगताना माझी जीभ अडते, कारण त्या विश्रांतीचे पैसे त्यांनाच भरायचे असतात हे मला माहीत आहे. २०२० च्या टाळेबंदीत हीच लाखावर माणसं कारखान्यांच्या आवारात अडकून पडली होती, एप्रिलच्या मध्यावर परवानगी मिळाली तेव्हा गावाकडे गेली. घरी राहा, असं सारा देश म्हणत होता, आणि त्यांचं घर दोनशे किलोमीटरवर होतं. मुंबईच्या १९१८ च्या तक्त्यातला तो ६१.६ चा रकाना मला दर हंगामात कोप्यांवर भेटतो.

म्हणून या सभागृहात बसलेल्या सभासदांना, संचालकांना, सरपंचांना आणि मुकादमांना माझं मागणं आहे. गळीत हंगाम सुरू होण्याआधी करार होतात, बैठका होतात. त्या बैठकीत एक विषय घ्या: डॉक्टरच्या चिठ्ठीवर, ताप असलेल्या माणसाचे चार दिवस खाडा धरायचा नाही, आणि त्या चार दिवसांचा मोबदला कारखाना, वाहतूकदार आणि शेतकरी यांनी मिळून द्यायचा. कोयते येतील त्या पहिल्या आठवड्यात आरोग्य केंद्राने टोळ्यांवर जाऊन गरोदर बाया, दमेकरी, म्हातारी माणसं यांची यादी करायची आणि त्यांना लस टोचायची. दुसरी लाट जानेवारीत येते, कोयते ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात, म्हणजे त्यांच्यासाठी लसीची वेळ आपल्यापेक्षा वेगळी, हे यादी करताना लक्षात ठेवायचं. खर्चाचा कच्चा हिशेब मी लिहून आणला आहे. तो संयोजकांकडे देतो. ज्या कारखान्याला तो पाहायचा असेल, त्यांच्याकडे मी स्वतः येऊन बसायला तयार आहे, आणि हे यंदाच्या हंगामाआधी व्हावं असं मला वाटतं.